आधी दार, मग पडदा

मंदाताई कुठल्याही थिएटरात शिरल्या की आधी स्टेजकडे पाठ करून उभ्या राहायच्या. आपण समोरचा पडदा बघतो, आपली रांग शोधतो. त्या मागं बघायच्या, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि ओठांतल्या ओठांत मोजायच्या. "चार. एक बंद दिसून राहिलं. चल, बघून येऊ." नाटक सुरू व्हायला दोन मिनिटं असली तरी ते दार ढकलून, पलीकडचा जिना उतरून, थेट रस्त्यापर्यंत जाऊन यायच्या आणि मुख्य दाराशी पुन्हा तिकीट दाखवून आत शिरायच्या. तोवर आम्ही त्यांच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा राखत बसलेलो.

डॉ. मंदाकिनी वानखेडे. मूळ गाव अकोल्याकडचं, सिंगापुरात मुक्काम बिशानला, काम पॉलिमरच्या प्रयोगशाळेत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, कारण एवढा प्रश्न पुरा होईपर्यंत त्या समोर उभ्याच राहत नसत. फोन केला तर "हां, बोल" म्हणायच्या आणि आपण बोलायला लागलो की "कळलं" म्हणून ठेवून द्यायच्या. बहुतेक वेळा त्यांना खरंच कळलेलं असायचं.

आमचा नाटकाचा एक ग्रुप आहे. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक माझ्यासारखी आयटीतली, पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेली. वर्षातून एक नाटक करायचं. मी प्रॉम्प्टर, कारण मला अभिनय येत नाही आणि घरी बसवत नाही. मंदाताईंकडे रंगमंच व्यवस्था. त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये मोजपट्टी, टॉर्च, चिकटपट्टीची चार वेटोळी, शिट्टी आणि जाड पोह्यांचा चिवडा असे. चिवडा त्या उभ्यानंच खायच्या, आणि आपल्यालाही उभं राहूनच खायला लावायच्या.

पण त्यांचा खरा नाद वेगळा होता. सिंगापुरातली जुनी थिएटरं. म्हणजे आता जी थिएटरं नाहीत ती. रविवारी सकाळी साडेसातला मेसेज यायचा: "मेधा, तयार राहा, एक सापडलं." मग आम्ही एमआरटीनं म्हणजे इथल्या मेट्रोनं, बसनं, शेवटचा मैलभर चालत कुठल्याशा जुन्या वस्तीत जायचो. तिथं एक सुपरमार्केट असायचं, वर शिकवणीचे वर्ग. मंदाताई म्हणायच्या, "हे हाऊसफुल चालायचं. चिनी, मलय, तमिळ, तीनही भाषांतले सिनेमे लागायचे. आता हा तांदळाचा रॅक आहे ना, इथं मधली वाट होती." रिकामी ट्रॉली घेऊन त्या मला दाखवायच्या की ती सोडली की आपोआप भाज्यांकडे घरंगळते, कारण खाली अजून थिएटरचा उतार आहे. मला ट्रॉली कधी घरंगळताना दिसली नाही. त्यांना दर वेळी दिसली.

शहरातलं एक मोठं थिएटर आता चर्च झालंय. तिथं दाराशी एका हसऱ्या तरुणानं आमचे हात हातात घेऊन "पहिल्यांदाच आलात?" असं इंग्रजीत विचारलं. मंदाताई म्हणाल्या, "हो, पहिल्यांदाच. बाजूची दारं कुठे आहेत?" त्याला वाटलं बाईंना गर्दीची भीती वाटते. त्यानं तिथंच डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मंदाताई पूर्ण मिनिटभर मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांना एवढा वेळ स्थिर मी तेव्हाच पाहिलं. डोळे उघडल्यावर त्या गरीबानं स्वतः बरोबर येऊन सगळी दारं दाखवली. बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "चांगला पोरगा आहे. सहा आहेत. सहाही उघडी."

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात इथं चिनी लोक मृतात्म्यांसाठी मोकळ्या जागेत तात्पुरती स्टेजं उभारून गाण्यांचे कार्यक्रम करतात. बुकित बातोकला माझ्या ब्लॉकजवळच एकदा तसं स्टेज उभं राहत होतं. दुपारभर मंदाताई त्याच्याभोवती फिरल्या. लोखंडी पाइप, फळ्या, वर ताडपत्री, भिंत एकही नाही. "याला म्हणतात थिएटर," त्या म्हणाल्या. "कुठूनही पळा." संध्याकाळी त्या अगदी खुश होऊन पहिल्या रांगेतल्या रिकाम्या लाल खुर्चीकडे निघाल्या, तेव्हा एका आजीबाईंनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. "कॅन्नॉट, लाह!" लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट. पहिली रांग गेलेल्या माणसांसाठी मोकळी ठेवतात. मंदाताईंनी त्या रांगेला वाकून नमस्कार केला आणि सगळा कार्यक्रम मागं उभ्यानं पाहिला.

आमची नाटकं ज्या हॉलमध्ये व्हायची, तोही जुना सिनेमाच. एका वस्तीच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर असलेलं एक पडद्याचं थिएटर, आता तासांवर भाड्यानं मिळणारं. तिथले केअरटेकर लिम अंकल पोरसवदा असताना त्याच दाराशी तिकिटं फाडायचे. ते आणि मंदाताई तासन्‌तास बोलायचे, ते त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत, या आपल्या वऱ्हाडी इंग्रजीत. लिम अंकल सांगायचे, तेव्हा तिकिटाच्या खिडकीतली बाई खुर्च्यांच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं एकेक खुर्ची खोडायची आणि तिकिटावर हातानं नंबर लिहायची. बाहेर एक तमिळ माणूस डोक्यावर लाकडी ट्रे घेऊन उभा असायचा, कागदाच्या पुडीत चणे-शेंगदाणे विकत. आणि खेळ सुटला की लोक आल्या वाटेनं जायचे नाहीत, बाजूच्या दारांनी थेट मागच्या गल्लीत उतरायचे.

"आमच्याकडे पण तसंच होतं," मंदाताई मला म्हणाल्या. "यायचं दार वेगळं, जायचं वेगळं. बाबा म्हणायचे, रडलेले डोळे पुढच्या शोवाल्यांना दिसू नये म्हणून."

मी विचारलं, "बाबा थिएटरात होते?"

"डोअरकीपर."

त्यापुढची गोष्ट त्यांनी दुसऱ्या एका दिवशी सांगितली. तालीम जुरोंग ईस्टला, आमच्यातल्या नितीनच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये व्हायची. तिथून बुकित बातोक एमआरटीनं एकच स्टेशन. त्या एका स्टेशनात, दारापाशी उभ्या राहून, मंदाताईंनी बापाचं आयुष्य सांगून टाकलं. गावची टॉकीज पत्र्याची. पोरं फुकट घुसतात म्हणून मालकाच्या हुकमानं बाजूच्या दारांना बाहेरून कुलपं. किल्ल्या बाबांच्या कमरेला, खेळ सुटला की तेच उघडणार. एका रविवारी दुपारी मालकानं बाबांना घरी डबा आणायला पाठवलं आणि तेवढ्यात वायरिंगनं धूर सोडला. लोक कुलूपबंद दारांवर आदळले. बाबा अर्ध्या वाटेवरून ओरडा ऐकून धावत आले, दारं उघडली. मेलं कुणी नाही. एका बाईचा हात मोडला.

"ती बाई आमच्यापासून चौथ्या घरात राहायची," मंदाताई म्हणाल्या. "हात वाकडाच राहिला तिचा. रोज पाणी भरताना दिसायची. बाबांनी दुसऱ्या दिवशी सगळी कुलपं विहिरीत टाकली. मालकानं काढून टाकलं. मग जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलल्या जन्मभर. आणि गाव काय म्हणे? वानखेड्यानं आपल्या पोरांना फुकट सिनेमा दाखवायला कुलपं फेकली. चल, तुझं स्टेशन आलं."

दार उघडलं. मी उतरले. त्या पुढं बिशानला गेल्या.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

कोविडनंतरचं आमचं पहिलं नाटक. तीन अंकी. नितीन त्यात निवृत्त पोस्टमास्तर करत होता. पहिल्या दोन अंकांत तो म्हातारा जवळजवळ गप्पच असतो. सगळ्यांचं ऐकून घेतो. तिसऱ्या अंकात तो बोलतो, आणि ते बोलणं म्हणजेच नाटक. नितीननं त्यासाठी चार महिने घासले होते. त्याची आई पुण्याहून आली होती. विमानं बंद होती तेव्हापासून मायलेकांची भेट नव्हती, आणि मुलाला स्टेजवर तर तिनं कॉलेजनंतर पाहिलंच नव्हतं. काकू चारच्या प्रयोगाला तीनलाच येऊन पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसल्या होत्या. मोरपंखी साडी, मांडीवर गजऱ्याची पुडी. गजरा कुणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नाटकाला जायचं तर गजरा नको का? इथं मिळत नाही म्हणाला, मग लिटिल इंडियातून आणवला."

मध्यंतरात चहा आणि वडे होते. टेबलं कुठं मांडायची हा प्रश्न आला, तेव्हा मी म्हटलं, पुढच्या डाव्या दाराबाहेरचा तो पॅसेज मोकळाच आहे की. पोरांनी तिथं टेबलं लावली. वड्यांचे खोके, चहाचे मोठे थर्मास, उरलेल्या खुर्च्या ठेवल्या. टेम्पोतून आलेली नेपथ्याची जास्तीची फ्लॅट्स, म्हणजे भिंतीसारख्या रंगवलेल्या चौकटी, जिन्यात आडवी लावली. मंदाताई तेव्हा वर दिव्यांपाशी होत्या.

चाराला दहा कमी असताना त्या फेरीला निघाल्या. डावं दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि टेबलाला अडलं. त्या तडक विंगेत आल्या.

शिरीषदादा आमच्यात सगळ्यांत जुने, व्यवस्था त्यांच्या हातात. ते म्हणाले, "मंदाताई, मध्यंतरात चहा तिथंच द्यायचाय. तेव्हा आपोआप रिकामं होईल."

"तोपर्यंत कोण जबाबदार?"

"काही होत नाही हो."

"होत नाही तोवर नसतंच होत, दादा."

"अहो, तीनशे माणसं बसलीत बाहेर! अजून तीन दारं आहेत."

मंदाताई वळल्या. पडद्याच्या फटीतून बाहेर गेल्या आणि माइकशिवाय खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. पुढच्या डाव्या दाराबाहेर आपलंच सामान आहे. ते उचलल्याशिवाय मी पडदा उघडणार नाही. दहा माणसं पाहिजेत."

आधी लोक हसले. त्यांना वाटलं नाटकाचाच भाग आहे. मग पैठण्या आणि कुर्ते घातलेली माणसं उठली आणि वड्यांचे खोके उचलू लागली. पण उचलून ठेवायचं कुठं? लिफ्ट लहान, खालच्या मजल्यावर दुकानं. फ्लॅट्स जिन्यात अशी अडकली होती की स्क्रू काढल्याशिवाय हलेनात. दहा मिनिटांचं काम म्हणता म्हणता पाऊण तास गेला. मंदाताई स्वतः जिन्यात गुडघे टेकून स्क्रू काढत होत्या. हाताला रक्त आलं, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

हॉल सातला सोडायचा होता. पुढचा कार्यक्रम ठरलेला. शिरीषदादांनी लिम अंकलच्या मिनतवाऱ्या केल्या. ते मान हलवत राहिले. "सेव्हन ओ'क्लॉक मस्ट ऑफ, लाह. नेक्स्ट ग्रुप वेटिंग." मंदाताईंशी एवढी दोस्ती, पण त्यांच्याकडे बघून लिम अंकल म्हणाले ते एवढंच, "सॉरी, डॉक्टर."

मध्यंतर गाळलं, तरी दुसरा अंक संपायला पावणेसात झाले. शिरीषदादांनी पडद्यापुढं जाऊन माफी मागितली आणि तिसऱ्या अंकात काय होतं ते चार वाक्यांत सांगितलं. नितीन विंगेत उभा होता, पांढरा विग, शेवटच्या अंकाचा जुना खाकी कोट चढवून. माझ्या मांडीवर संहिता त्याच अंकाच्या पानावर उघडी.

"माझा अंक?" त्यानं मला विचारलं.

मी संहिता मिटली.

पुढच्या आठवड्यात मंदाताई ग्रुपवर दिसेनाशा झाल्या. कुणी काढलं ते कुणी सांगितलं नाही. नितीन एवढंच म्हणाला, "काही पेटलं का? सांगा ना मला. काही पेटलं?" काहीच पेटलं नव्हतं. टेबलं तिथं मांडायची कल्पना माझी होती, हे मी त्या दिवशी बोलले नाही, नंतरही नाही. मंदाताईंना ते कळलं होतं, टेबलं लावणाऱ्या पोरांनी सांगितलं होतं. त्यांनीही ते कुणाजवळ काढलं नाही.

काकू पुण्याला परतायच्या आदल्या रविवारी मंदाताईंचा मेसेज आला. "जुरोंग ईस्टला ये. संहिता आण."

कॉन्डोच्या गेटवर त्या येरझाऱ्या घालत होत्या. त्यांनी नितीनला फोन केला होता की खालच्या हॉलमध्ये, आईपुरता, तिसरा अंक कर. बाकीच्या भूमिका आम्ही दोघी वाचू. तो म्हणाला होता, "मला उपकार नकोत." आणि बायको-मुलीला घेऊन मॉलमध्ये निघून गेला होता.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता आपण वाचू. काकूंना शेवट तरी कळेल."

आम्ही वर गेलो. काकूंनी चहा केला. मंदाताईंनी तो उभ्यानं, भाजत, संपवला आणि संहिता उघडली. पोस्टमास्तरचं भाषण त्या वाचू लागल्या. वाचन वाईट होतं. भरभर, सपाट, प्रयोगशाळेतला अहवाल वाचावा तसं, आणि वाचताना खोलीभर फेऱ्या. दुसऱ्या पानावर काकूंनी त्यांचा हात धरून थांबवलं. चिकटपट्टीच्या जागी आता खपली धरली होती.

"बाळ, शेवट मला माहीत होता गं," काकू म्हणाल्या. "रोज फोनवर म्हणून दाखवायचा तो. पाठ आहे मला. मला त्याला बघायचं होतं."

मंदाताईंनी संहिता माझ्याकडे दिली. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्या दाराच्या बाजूलाच बसल्या होत्या."

"हो ना," काकू म्हणाल्या. "तेही खरंच."

लिफ्टमधून उतरताना मला वाटलं, त्या आता काहीतरी म्हणतील, चुकलं किंवा नाही चुकलं. त्या म्हणाल्या, "या लिफ्टचा पंखा बंद आहे, बघितलंस?" आणि गार्डला सांगायला धावल्या.

काकू पुढच्या वर्षी गेल्या. झोपेतच, पुण्याला. नितीन जाऊन आला. परतल्यावर त्यानंच ग्रुपमध्ये म्हटलं की तेच नाटक पुन्हा करायचं. या वेळी बुकित बातोकच्या कम्युनिटी क्लबमध्ये, दिवसभराचं बुकिंग घेऊन. प्रॉम्प्टिंग होतंच, रंगमंच व्यवस्थाही माझ्याकडे आली, घ्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी चार वेळा दारं तपासली. तरी पाचव्यांदा गेले. ही खोड मला तेव्हापासून लागली आहे. फूड कोर्टात जेवतानासुद्धा माझी नजर आधी बाहेरची वाट शोधते, आणि मुलगी म्हणते, "ममा, रिलॅक्स, लाह."

मंदाताईंचं संशोधनाचं कंत्राट त्याच सुमारास संपलं. इथं राहायचा पास रद्द झाला, महिन्याभरात निघायचं होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात जागा मिळाली होती. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही, प्रयोगाच्या दिवशी त्या तिकीट काढून आल्या तेव्हा विचारल्यावर कळलं.

"सोमवारी विमान," त्या म्हणाल्या. "खोके भरायचे राहिलेत." आणि आत गेल्या. मी मुद्दाम बघितलं. त्या स्टेजकडे पाठ करून उभ्या राहिल्या नाहीत. सरळ शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, माझ्यावर विश्वास टाकला. किंवा दारं मोजायचा हक्क आता आपला नाही, असं त्यांना वाटलं असेल.

दुसरा अंक संपला. मी विंगेतून डोकावले तर कडेची खुर्ची रिकामी. तशीच बाहेर धावले. त्या बसस्टॉपवर होत्या, एकदा पाटीवरचे बसचे नंबर वाचत, एकदा रस्त्यावर वाकून बघत.

"मंदाताई, अजून एक अंक आहे! नितीनचा अंक तर आत्ता आहे."

"माहीत आहे."

"मग चला ना. दहा मिनिटांचं मध्यंतर आहे."

"नाही गं."

"अहो, काहून?" त्यांचाच वऱ्हाडी शब्द माझ्या तोंडून निघाला.

त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काकूंनी नाही बघितला तो अंक. माझ्यामुळे. मी कशी बघू?"

"पण तुम्ही बरोबर होता."

"असेन," त्या म्हणाल्या. "बाबा पण होते." मग एकदम, "जा तू. प्रॉम्प्टिंग कोण करून राहिलं? जा!"

बस आली. त्या मागं न बघता चढल्या. दुमजली बस होती. वरच्या मजल्याच्या काचेत त्या मला दिसल्या. एका सीटवर बसल्या, उठल्या, पलीकडच्या सीटवर गेल्या, तिथून उठून पुढच्या रांगेत आल्या. वळणावर बस गेली तेव्हा त्या उभ्याच होत्या, एका हातानं दांडी धरून, सॅकमध्ये काहीतरी शोधत.

मी परत विंगेत आले तेव्हा नितीन आरशापुढं कोटाची बटणं लावत होता. त्यानं वळून बघितलं नाही.

"आल्या होत्या ना?"

"हो."

"गेल्या?"

"हो."

"शेवटचा अंक न बघता?"

मी कारण सांगणार होते. टेबलांचंही सांगणार होते. पण घंटा झाली. नितीननं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"थांबायला पाहिजे होतं त्यांनी," तो म्हणाला आणि स्टेजवर गेला.